मनुबाईचं धुराडं

मनुबाईची पहिली बिनधुराची चूल तिच्या नवऱ्यानं लाथ घालून फोडली. वर भाताचं तपेलं रटरटत होतं, खाली तिवराची लाकडं पेटलेली, आणि हा मर्द उंबऱ्यातून थेट आत आला आणि घातली लाथ! तपेलं उलटलं, निखारे घरभर उडाले, आणि उकळती पेज स्वतःच्याच पायावर सांडून भिवाजी अंगणात थयथय नाचायला लागला. मनुबाई रडली का? नाव सोडा. तिनं तापलेलं उलथनं उचललं आणि त्याच्या पाठीवर असं हाणलं की सदरा काढला की तो वण पुढे कित्येक वर्षं दिसायचा. कल्याणच्या खाडीकाठी जुनंबंदर नावाचा कोळीवाडा होता, तिथली ही गोष्ट, सत्त्याऐंशी सालच्या थंडीतली.

राग कशाचा? तर धुराड्याचा. कौलांतून वर आलेला पत्र्याचा नळा बंदरावरून दिसला, आणि तिथले चार टवाळ म्हणाले, "काय भिवाजी, घरात मोहन्याच्या मिलची चिमणी काढलीस काय?" झालं. ज्याला बायकोचा खोकला कधी ऐकू आला नाही, त्याला टवाळांचं हसणं मात्र लगेच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी मनुबाईनं तीच चूल तिथंच पुन्हा घातली. नळा लाथेनं चेपला होता, त्याची शिवण उसवली होती, पण पंचायत समितीनं घरटी एकच नळा दिलेला, दुसरा कुठून आणायचा? तिनं तोच चेपका नळा उभा केला. भिवाजी भाजलेला पाय वर घेऊन खाटेवर पडला होता. "पुन्हा फोडीन," तो म्हणाला. "दुसरा पाय बी भाजून घे मग," मनुबाई म्हणाली.

तेव्हा सरकारची योजना आली होती. बायकांनी बिनधुराच्या चुली घालाव्यात म्हणून कल्याणला शिबिर झालं. शिकवायला भाऊ नावाचे एका संस्थेतले गृहस्थ होते. माणूस भला, जीव तोडून शिकवायचा. माती, शेण आणि भाताचं तूस कसं कालवायचं, जाळ कुठून शिरतो, धूर कुठून निघतो, सगळं. बाकीच्या बायका शिबिराला चहा-नाश्त्यासाठी आल्या होत्या, मनुबाई जनीसाठी आली होती.

जनी म्हणजे तिची धाकटी जाऊ, दीर चंदूची बायको. दोन्ही घरांत एकच भिंत. खाडीकाठी जळण म्हणजे तिवर. खारट, ओलं लाकूड. त्याचा धूर असा की डोळ्यांत मीठ-मिरची एकदम पडावी. त्या धुरात जनीची छाती पार कामातून गेली होती. भाकरी थापताना तिला जी ढास लागायची, ती भिंतीपलीकडे मनुबाईला ऐकू यायची आणि मनुबाईच्या हातातली भाकरी थांबायची. ठाण्याच्या डॉक्टरनं चंदूच्या तोंडावर सांगितलं होतं, "औषध देतो, पण बाईला धुरातून काढा. नाहीतर ही जगत नाही." चंदूनं औषध घेतलं आणि बाकीचं दवाखान्यातच ठेवून आला.

मनुबाईनं त्याला बंदरावर सगळ्यांदेखत गाठलं. "चंदू, तुझ्या घरात चूल घालायची हाय."

"कनाला? बायका खोकतातच, वयनी."

हे ऐकलं आणि तिनं त्याची बंडी धरली आणि त्याला खाडीच्या चिखलात ढकलून दिलं. चंदू कमरेपर्यंत चिखलात, वर मनुबाई कमरेवर हात ठेवून उभी. "खोकून बघ आता जरा," ती म्हणाली. बंदर खदाखदा हसलं. चंदूनं चूल घालू दिली, पण तो अपमान त्यानं गाठीला बांधून ठेवला.

जनीची चूल मनुबाईनं हात राखून केली नाही. नळा नवा, सांधे गच्च, कुठून एक सुतासारखी धुराची रेघ बाहेर येईल तर शपथ. महिन्याभरात जनी माणसात आली. होळीला ती गाणं म्हणाली, आणि मधे एकदाही न थांबता म्हणाली. मनुबाई त्या दिवशी होळीच्या पाठीमागे जाऊन ढसाढसा रडली. चूल लाथेनं फुटली तरी न रडणारी बाई ती. मग काय, भीमाबाईनं मागितली, मग तिच्या शेजारणीनं, आणि पावसाळा लागायच्या आत सगळ्या कोळीवाड्यावर पत्र्याची धुराडी उभी राहिली. भाऊ येऊन बघून गेले आणि म्हणाले, "मनुबाई, तुम्ही तर कमालच केलीत."

कमाल कसली, त्या कमालीला नांगी होती, आणि ती पावसाळ्यात डसली.

पावसात होड्या वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत खाडीत उतरायचं नाही. तोवर खायचं काय आणि बाजारात विकून तांदूळ आणायचा कशावर? उन्हाळ्यात वाळवून, टोपल्यांत भरून चुलीवरच्या माळ्यावर ठेवलेली सुकट, सोडे आणि वाकट्या या सुक्या मासळीवर. ऐन श्रावणाच्या तोंडावर भीमाबाईनं माळ्यावरची टोपली खाली काढली आणि किंकाळी फोडली. टोपली नुसती वळवळत होती. सुकट कुठं संपते आणि अळी कुठं सुरू होते ते कळेना. मग शेजारणीनं आपली काढली. तिचीही तीच गत. घराघरांतून टोपल्या खाली आल्या आणि अंगणात उलट्या झाल्या. कोंबड्यासुद्धा त्यात चोच घालेनात. सगळ्या वाड्याची पावसाळ्याची बेगमी चिखलात पडली होती.

दाजी पाटील हा गावकीचा म्होरक्या. त्यानं दोन वाक्यांत निकाल दिला. "आजपातूर कधी असं झालं नाय. या वर्साला नवं काय आलं? मनीची चूल."

अख्खा वाडा मनुबाईच्या दारात लोटला. बापे म्हणजे पुरुषमंडळी पुढे, हातांत पहारी, काठ्या, वल्ही. "माझी काय चूक झाली ते सांगा त," ती म्हणत होती, पण ऐकतो कोण? चंदू तिला बाजूला ढकलून माळ्यावर चढला आणि तिची टोपली खाली फेकली. टोपली फुटली आणि सुकट पसरली. कोरडी, खडखडीत, एक अळी नाही.

मग दाजी हळू आवाजात म्हणाला, "स्वतःची बरी राखलीस गो, मने."

मनुबाई स्वतःच तोंड उघडं टाकून त्या सुकटीकडे बघत होती. कुणीतरी "करणी केली" म्हणून ओरडलं, आणि चंदूनं वल्हं उचललं आणि तिच्या डोक्यात घातलं. मोठ्या भावाच्या बायकोच्या डोक्यात! ती उंबऱ्यावर आडवी झाली. रक्त डोळ्यांत उतरलं. तेवढ्यात मागून भिवाजी धावत आला आणि वाघासारखा चंदूवर पडला. "माझ्या बायकोला मी मारीन! तू कोण मारणारा?" काय म्हणावं या माणसाला! बोलणं ऐकून जोडा मारावासा वाटतो, आणि त्याच बोलण्यापायी त्यानं सख्ख्या भावाच्या हातून दात पाडून घेतले. लोकांनी नवरा-बायको दोघांनाही तुडवलं, मनुबाईची चूल फोडली, आणि मग घराघरांत शिरून एकेक चूल फोडत निघाले. पहारींचे घाव आणि पत्रा चेपल्याचे आवाज पार बंदरापर्यंत येत होते.

मनुबाई तशीच रक्ताळलेली उठली आणि भिंत धरधरत जनीच्या दारात गेली. म्हटलं, एवढी एक तरी वाचवू. आत बघते तर बापे अजून पोचलेच नव्हते. जनी स्वतःच पाटा उचलून चुलीवर घालत होती. शेवटचा घाव घालताना धापेनं खालीच बसली.

मनुबाईनं तिच्या थोबाडीत मारली. होतं नव्हतं तेवढं बळ एकवटून. "मरशील गो, भवाने! मरशील!"

जनीनं गालावर हात ठेवला. "बाय," ती म्हणाली, "धूर मना वर्साने मारल. चूल ठेवली त भूक माझ्या पोरींना याच श्रावणात मारल. तूच सांग, काय करू?"

मनुबाई खाली बसली आणि तिची पाठ चोळायला लागली.

डोक्याला फडकं बांधून ती खाटेवर पडून होती, आणि डोळे माळ्याकडे. भिवाजीनं फुटलेल्या चुलीची ढेकळं रचून कसाबसा चहा ठेवला होता, चेपका नळाही परत उभा केला होता. त्या नळ्याच्या उसवलेल्या शिवणीतून धुराची बारीक धार निघत होती आणि माळ्यावर, टोपली ठेवायच्या जागी, घुटमळत होती. मनुबाई टक लावून बघत राहिली. मग ताडकन उठून बसली आणि डोक्यातली कळ विसरून ओरडली, "अगं बाय गो! धूरच!"

सुकट उन्हात वाळते आणि मिठानं टिकते, एवढंच सगळ्यांना माहीत. पावसाच्या दमट हवेत तिला अळीपासून कोण राखतं, हे विचारायची वेळच कुणावर आली नव्हती. आजे-पणजे चुलीच्या वरच माळा घालत आले म्हणून हेही घालत होते. धूर वर जायचा, मासळीला लागायचा, गुमान आपलं काम करायचा. बायकांना मारता मारता घर जगवायचा. मनुबाईनं तो पार कौलांबाहेर घालवला होता. भाऊंना कसं कळणार, ते घाटावरचे माणूस. पण ही तर कोळीण होती, सुकटीत जन्मलेली, आणि तिलाही कळलं नाही.

उपाय तिला तिथंच सुचला. धुराला घराबाहेर घालवायचं, पण कामावरून काढायचं नाही. वागळे इस्टेटच्या भंगारवाल्याकडून तिनं जुना पत्रा आणला आणि माळ्याच्या जागी एक बंद पेटी केली. खालून नळा पेटीत, पेटीत मासळीच्या टोपल्या, आणि पेटीच्या वरून दुसरा नळा कौलांबाहेर. धूर मासळीतून फिरून जाणार, बाईच्या नाकात जाणार नाही. स्वतःच्या घरात घातली आणि उरलीसुरली सुकट ठेवून बघितली. मस्त राहिली.

पण आता तिचं ऐकतो कोण? गावकीनं फर्मान काढलं होतं: मनीची माती ज्याच्या घरात, ते घर वाळीत. ती दाजीच्या पाया पडली, दाजीनं दार लावून घेतलं. नळा घेऊन चंदूकडे गेली, चंदूनं कोयत्यानं नळ्याचे तुकडे केले. आणि भिंतीपलीकडे जनी पुन्हा तीन दगडांवर, ओल्या तिवराच्या धुरात. ढास लागली की थांबायची नाही.

एक दिवस मनुबाईला ते सहन होईना. तिनं पहार घेतली आणि मधली भिंत फोडायला लागली. भोक पडलं, हात जाईल एवढं, मग माणूस जाईल एवढं. "ये इकडं," तिनं जनीला ओढलं. "मातीबिती काय घालत नाय तुझ्या घरात. माझ्या घरात शिजव आणि तिकडं ने." जनी हसली. धुळीनं माखलेली ती हसणारी जनी! आठवडाभर दोघींनी एकाच चुलीवर शिजवलं. मग बंदरावर कुणीतरी चंदूला म्हणालं, तुझी बायको भिंतीतून जेवण आणते रे. चंदू घरी आला, जनीला लाथा-बुक्क्यांनी तुडवलं आणि ते भोक दगड-चिखलानं गच्च लिंपून टाकलं. मनुबाई या बाजूनं भिंतीवर मुठी आपटत राहिली, हात सोलून निघाले.

गणपतीत घरात पाहुणे, पावसानं लाकडं चिंब, दिवसभर मोदक. जनी चुलीपुढून उठलीच नाही. संध्याकाळच्या आरतीच्या वेळी तिला खोकल्यातून रक्त आलं. भिवाजीनंच रिक्षा आणली, मनुबाई तिला मांडीवर घेऊन बसली. दुर्गाडी किल्ल्याच्या चढावर जनीनं तिचा पदर मुठीत धरला आणि तो मग दवाखान्याच्या दारात तिच्या गार मुठीतून सोडवावा लागला.

वर्ष सरायच्या आत चंदूचं दुसरं लग्न ठरलं. पोरी लहान, घरात बाई नको का? नवरी रतन, दिवा गावाकडची, वीस वर्षांची गोरीगोमटी. हळदीचा दिवस. बाजा वाजतोय, बापे प्यालेले, मांडवात धवलारीण शेवंतीबाय धवले म्हणतेय. आमच्याकडे लग्न धवलारीण लावते, तिच्या गाण्यांवाचून हळदही लागत नाही आणि अक्षताही पडत नाहीत. अशा वेळी मनुबाई खांद्यावर पहार आणि डोक्यावर कालवलेल्या मातीची पाटी घेऊन मांडवातून सरळ आत गेली. स्वयंपाकघरात जाऊन तिनं पहिल्या घावात तीन दगड उडवले.

चंदू धावत आला, अंगभर हळद, हातात कोयता. "वयनी, मातीला हात लावलास त हात तोडीन."

"तोड. एक गेला त दुसरा हाय." ती खाली बसली आणि मातीचा गोळा उचलला. "जनीला नाय वाचवता आली मना. हिला मी तुझ्या हाती मरू देणार नाय."

त्यानं खरंच घातला. कोयता तिच्या डाव्या हातावर बसला, मनगटाच्या वर, हाडापर्यंत. रक्ताची धार मातीत पडली. मनुबाईनं ओठ चावला, पदरानं हात आवळला आणि उजव्या हातानं माती थापायला लागली. लाल झालेलीच माती थापली.

बाहेर धवले थांबले. शेवंतीबाय काठी टेकत आत आली. म्हातारीनं कोयता बघितला, हात बघितला, आणि चंदूच्या हळदीच्या तोंडावर थुंकली. "हळदीच्या अंगाने घरच्या बाईचं रगत काढलंस? मी गात नाय. चूल उभी राहीपातूर एक धवला गात नाय."

दाजी पाटील तरातरा आला. "शेवंते, मुहूर्त जाईल!"

"मग तू गा, पाटला. गा, घे, बस पाटावर."

दाजी काय गाणार, कपाळ! मांडवात चुळबुळ सुरू झाली. नवरीकडचे लोक उठून उभे राहिले. आणि मग भीमाबाई, जिच्या अंगणात पहिली टोपली उलटी झाली होती ती भीमाबाई, पदर खोचून मातीत बसली. "कुठं थापू, मने, सांग." तिच्यामागून दुसरी आली, तिसरी आली. वाळीत टाकतो म्हणता? टाका, मग सगळाच वाडा टाका! दिवस मावळायच्या आत चूल उभी राहिली, वर पेटी बसली, नळा कौलांबाहेर गेला. तेव्हा मनुबाईला दवाखान्यात नेलं. तिच्या डाव्या हाताची बोटं पुन्हा कधी मिटली नाहीत.

त्या पावसात चंदूच्या घरची सुकट टिकली, आणि रतनचा आवाजही खणखणीत राहिला. पुढच्या उन्हाळ्यात दाजीची बायको मागच्या दारानं आली आणि म्हणाली, "आमच्याकडं बी घाल, पण ह्यांना सांगू नको." मनुबाई म्हणाली, "पुढच्या दारातून बोलव, मग येते." पाटलीणबाईंना पुढच्या दारातून बोलवावं लागलं.

पुढे नव्वदच्या सालात भाऊंच्या संस्थेनं तिला कामालाच घेतलं. मोहन्याच्या झोपड्या, टिटवाळ्यापलीकडचे पाडे, दिव्याच्या रातोरात उठलेल्या चाळी, कुठं लाकडाच्या चुली, कुठं भुशाच्या शेगड्या, कुठं भडका उडून बायका जाळणारे रॉकेलचे स्टोव्ह. सगळीकडे ती फिरली. कुणाच्याही घरात शिरली की ती आधी चूल बघायची नाही. मान वर करून छप्पर बघायची आणि विचारायची, "वर काय ठेवता? धूर तुमचं काय काय काम करतो, ते आधी सांगा." कुणी हसायचे. कुणी बापे अंगावर यायचे. दिव्यात एकानं तिला जिन्यावरून ढकललं, तर रतननं त्याच्या नडगीवर पहार घातली. हो, रतन. ती आता मनुबाईबरोबर कामावर जायची, आणि चंदू घरी पोरींना भाकऱ्या करून घालायचा. कोयता बंदरावर ठेवून आला होता म्हणे. बरं झालं, पण फार उशिरा झालं.

जिन्यावरून ढकललं त्याच दिवशी दुपारी दोघी दिव्याच्या चाळीच्या पायरीवर भाकरी सोडून बसल्या. भाकरीबरोबर रतनच्या पेटीतली सुकट होती. रतन म्हणाली, "बाय, एक विचारू? रागावणार नाय ना?"

"विचार."

"माझ्या आधीची ती... जनीबाय. तिची चूल बी तूच घातलेलीस ना? ती पण अशीच होती?"

मनुबाईनं घास तोंडाशी नेला आणि परत भाकरीवर ठेवला.

"अशीच होती," ती म्हणाली. "नुसती तिच्यात मासळीला जागा नव्हती."